पावसात उघडी राहणारी खिडकी

देवगड तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम एक किलोमीटरवर असलेल्या आमच्या घराचा पश्चिमेकडचा अर्धा भाग पाडून तेथे स्लॅबच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बांधायचे ठरले ते २०१६ साली, आणि त्याचा सर्वांत अधिक आग्रह मीच धरला होता. हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचून मला जुन्या घरांचे आंधळे प्रेम आहे असा कोणाचा समज होऊ नये. लग्न होऊन आल्यापासून वीस वर्षे मी त्या घराच्या चुलीपुढे बसले होते. सकाळी शाळेत विज्ञान शिकवायला जाण्यापूर्वी ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत घेऊन भाकऱ्या भाजणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक.

घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेले. जांभ्या चिऱ्याचे जोते, त्याच चिऱ्याच्या दीड फूट जाडीच्या भिंती, किंजळीचे वासे आणि वर मंगलोरी कौले. पूर्वेला सारवलेले खळे, मग पडवी, ओटी, मधोमध माजघर, त्याला लागून बाळंतिणीची खोली आणि पश्चिमेला स्वयंपाकघर व मागीलदारची पडवी. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. शौचालय घरापासून चाळीस पावलांवर, आणि जुलैतल्या रात्री तेथे जायचे तर एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बॅटरी आणि पायांखाली शेवाळ. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौले काढून पुन्हा नीट बसवणे, करायची, तर माणूस मिळत नसे; मिळाला तरी त्याने नीट बसवलेली कौले पंधरा दिवसांत वानरांची टोळी येऊन फोडून जाई. शिवाय ज्याविषयी आमच्याकडे कोणी बोलत नाही तीही गोष्ट सांगायला हवी. त्या घरात पुरुषाला उजेड आणि वारा ओटीवर बसल्या जागी मिळत असे, स्त्रीला त्यासाठी मागीलदारी जावे लागे. आणि महिन्यातले चार दिवस मागच्या पडवीच्या कोपऱ्यात वेगळे बसायचे असल्याने तो उजेडही नकोसा होई. घराच्या रचनेतच माणसांची उतरंड बांधलेली होती. म्हणून स्लॅबचे घर मला सुटका वाटले.

२०१७ च्या पावसाळ्यापूर्वी ते उभे राहिले. काम तालुक्याच्या गावातील एका कंत्राटदाराला दिले होते. स्लॅब ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी मी शिडीवर चढून पाहिले, तेव्हा लोखंडी सळया सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या साच्याच्या, पत्र्यावर जवळजवळ टेकलेल्या होत्या. मधे कोठे कोठे दगडाच्या चिपा सरकवलेल्या. मला ते खटकले नाही, कारण त्यात खटकण्यासारखे काय आहे हेच ठाऊक नव्हते. पुढे वाचनात आले की काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार सागरी हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटमध्ये सळईवर किमान ४५ मिलिमीटर जाडीचे आवरण हवे आणि काँक्रीटही मजबुतीला किमान एम-३० प्रतीचे हवे. आमच्याकडे हे आवरण बोटाच्या पेराइतकेही नव्हते. समुद्रावरून येणारा खारा वारा आणि धुऊन न घेतलेली खाडीची वाळू यांतले क्षार सळईपर्यंत पोहोचले की तिला गंज चढतो, गंजाने लोखंड कित्येक पटींनी फुगते आणि आतून रेटून काँक्रीटचे पापुद्रे खाली पाडते. आजेसासऱ्यांच्या भिंती ऐंशी वर्षे उभ्या होत्या. या छतावर तांबूस डाग उमटायला पाचवे वर्षही उजाडावे लागले नाही.

पहिले वर्ष मात्र आनंदाचे गेले. गॅसची शेगडी, ओट्याशी नळ, घरातच शौचालय, भिंतीला भिंत लागलेल्या स्वच्छ खोल्या. सासूबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या आणि रात्री उठून बाहेर जावे लागत नाही, एवढ्या एका गोष्टीने त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आले ते मी विसरलेले नाही. त्या एका सोयीचे मोल कोणत्याही नक्षीदार खांबाहून मोठे आहे, असे मी आजही मानते.

पुढच्या मे महिन्यात एका रात्री पाणी प्यायला उठले, तेव्हा त्यांचा पलंग रिकामा होता. शोधत गेले तर त्या जुन्या घराच्या पुढच्या पडवीत, आंब्याच्या पेट्यांच्या मधल्या जागेत, चटई टाकून झोपलेल्या. जुन्या अर्ध्या भागाचा तोवर आम्ही कोठार केला होता. मी त्यांना हलवून उठवले आणि पंख्याखाली चला म्हटले. "माका थंय झोप लागणा नाय गो," एवढेच त्या म्हणाल्या आणि कूस बदलली. मला वाटले, सवयीचा प्रश्न आहे, होईल हळूहळू. त्यानंतर सलग तीन उन्हाळे त्या रात्री उठून पडवीत जात राहिल्या, आणि एरवी दिवसभर डोके जड असल्याची तक्रार करीत राहिल्या. रक्तदाबाच्या गोळीबरोबर झोपेची गोळीही सुरू झाली.

विज्ञानाची शिक्षिका असूनही त्या तक्रारीकडे मोजण्याची गोष्ट म्हणून पाहायला मला तीन वर्षे लागली, याचे मला वाईट वाटते. शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन तापमापक आणि एक आर्द्रतामापक मुख्याध्यापकांच्या परवानगीने घरी आणले आणि एका वहीत दिवसातून पाच वेळा नोंदी करू लागले. त्या वहीतल्या एका मे महिन्याच्या दिवसाच्या नोंदी येथे देते. दुपारी अडीच वाजता स्लॅबची खोली ३२ अंश आणि जुन्या घराची पडवी ३४ अंश. रात्री दहा वाजता स्लॅबची खोली ३३.५ अंश आणि पडवी २९ अंश. म्हणजे दुपारी नवे घर अधिक थंड होते! ही नोंद पाहून मी थोडी गोंधळले, आणि मग त्यातच उत्तर सापडले.

पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो. ते ऊन आतल्या बाजूला लगेच उतरत नाही, त्याला काही तास लागतात. म्हणून दुपारी खोली बरी वाटते आणि दिवेलागणीच्या सुमारास छत तापायला लागते. रात्री दहा वाजता मी स्टुलावर उभी राहून छताला तळहात लावला, तेव्हा ते तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळासारखे लागले. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश असते. छत त्याहून गरम असले की वाऱ्याचा झोत असो वा नसो, छताकडून अंगावर उष्णतेचे प्रारण होतच राहते, आणि पंखा छताखालची तीच कोंडलेली हवा खाली ढकलतो. देशावर किंवा राजस्थानात रात्री चांगला गारवा पडतो, तेव्हा जाड छताला आपले ऊन आकाशाला परत देता येते. आमच्या किनाऱ्यावर मे महिन्यात दिवसाचा पारा ३३ च्या आसपास आणि पहाटेचा २६-२७ वर, हवाही दमट. एवढ्याशा फरकात तो स्लॅब पहाटेपर्यंत निवत नाही, तोवर सूर्य पुन्हा वर आलेला असतो. कौल पातळ असते. ते लवकर तापते, दुपारी खाली बसवत नाही हे खरे. पण सूर्य कलला की ते घटकाभरात निवते, आणि कौलाकौलांमधल्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. ज्या खोल्यांवर लाकडी माळा आहे, तेथे दुपारची झळही खाली पोहोचत नाही. ज्यांनी ही घरे बांधली त्यांनी प्रारणाचे सूत्र मांडले नव्हते, पण रात्रीची झोप कोठे लागते हे त्यांना ठाऊक होते.

उन्हाळ्याचा जाच चार ते आठ आठवड्यांचा. पावसाळा चार महिने चालतो, आणि आमच्या आरोग्याची खरी हानी त्यानेच केली. आमच्या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. नव्या खोल्यांच्या खिडक्यांवर दीड फुटाचा छज्जा होता. पहिल्या झडीलाच कळले की खिडकी उघडी ठेवली तर पलंग भिजतो. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत सरकत्या काचा बंद. आत स्वयंपाकाची वाफ, न्हाणीघराची ओल, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि चार माणसांचा श्वास. भिंती चिऱ्याच्याच होत्या, पण त्यांना दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग दिलेला. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो जमिनीतून आणि पावसातून ओल घेतो आणि हवा मिळाली की ती सोडून देतो. त्याला दोन्हीकडून बंद केल्यावर ओल आतच राहिली. ऑगस्टपर्यंत रंगाला फोड आले, सप्टेंबरात कपाटामागे काळ्या बुरशीचा हात-दीड हात डाग उमटला. माझ्या धाकट्या मुलाचा खोकला त्या वर्षी दिवाळीपर्यंत थांबला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दमा यांचा धोका अधिक असतो, असे त्यांत म्हटले आहे. ती वाचताना मला कपाटामागचा तो डाग दिसत होता.

जुन्या घराच्या खिडक्या मात्र आम्ही पावसात कधी बंद केल्याचे मला आठवत नाही. भिंतीच्या पुढे पडवी, पडवीच्या पुढे आणखी तीन फूट वळचण, आणि पश्चिमेला माडाच्या झावळ्यांची झांपे बांधलेली. खिडकीपासून सात-आठ फुटांवर पागोळ्या गळत आणि त्यांच्यावरून गार झालेली हवा आत येई. हे लक्षात आले तेव्हा मला दोन घरांतला खरा फरक सापडला, आणि तो चिरा की सिमेंट, कौल की स्लॅब यापेक्षा वेगळा होता. जुन्या घराला काठ होता. आत आणि बाहेर यांच्यामध्ये सात-आठ फुटांची अशी एक जागा होती, जिला ऊन लागत होते पण भाजत नव्हते, जिथे पाऊस ऐकू येत होता पण भिजवत नव्हता. नव्या घरात दाराच्या अलीकडे घर आणि पलीकडे सगळा पावसाळा.

हा काठ माणसांनाही लागतो. आमच्या घरासमोरून पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, जाते. सासूबाई पडवीत बसून कोकमे फोडत, वाल सोलत, तेव्हा येणारा-जाणारा पायरीवर टेकून दोन शब्द बोलून जाई. त्याला कोणी घरात बोलावलेले नसे आणि तोही घरात आलेला नसे. तरी दिवसभरात आठ-दहा माणसांशी बोलणे होई. नव्या घराचे दार उत्तरेला, गाडीच्या रस्त्याकडे, आणि त्याला लोखंडी जाळी. त्या दाराशी आलेल्या माणसाला घंटा वाजवावी लागते आणि कामाचे कारण सांगावे लागते. ज्याला काम नाही तो येत नाही. दोन वर्षांत सासूबाईंचे दिवस दूरदर्शनसमोर जाऊ लागले. मी शाळेतून आल्यावर त्या अधीरतेने बोलू लागत, आणि मी थकलेली असे. २०१९ च्या जुलैत चकचकीत फरशीला सुटलेल्या ओलीवरून पाय घसरून त्या पडल्या आणि मनगट मोडले. त्यानंतर तर त्या खोलीबाहेर पडायलाच भिऊ लागल्या. सारवलेल्या जमिनीवर पंचाहत्तर वर्षे अनवाणी वावरलेले पाऊल होते ते.

मग १६ मे २०२१ ची रात्र आली. तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेला सरकत होते. सकाळपासून वाऱ्याचा आवाज वाढत गेला, दुपारी समोरचा फणस मुळासकट गेला, आणि जुन्या घराची कौले पत्त्यांसारखी उडू लागली. आमच्या वाडीतली तीन कुटुंबे, लहान मुले आणि एक बाळंतीण यांच्यासह, आमच्या स्लॅबच्या दोन खोल्यांत येऊन बसली. करोनाची दुसरी लाट चालू होती, तरी त्या दिवशी कोणी अंतराचा विचार केला नाही. डोक्यावरचे छत उडणार नाही, ही खात्री काय असते ते मी त्या रात्री सोळा माणसांच्या चेहऱ्यांवर पाहिले. त्या छताविषयी मी वर जे लिहिले आहे त्यातला एकही शब्द मागे घेत नाही, पण त्या रात्री त्याने आम्हाला वाचवले हेही तितकेच खरे आहे.

वादळ गेले आणि वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. खांब आडवे, तारा तुटलेल्या. पंखा नाही म्हटल्यावर त्या दोन खोल्यांत दुसऱ्याच रात्री कोणाला बसवेना. आम्ही सगळे जुन्या पडवीत आलो. वर निम्मी कौले नव्हती, तेथे ताडपत्री बांधली. तरी वारा होता, माणसे होती, खळ्यात चूल पेटली. सासूबाई मधोमध बसून सगळ्यांना पेज वाढत होत्या. इतक्या महिन्यांनी त्यांना मी मोठ्याने बोलताना ऐकले. त्या दिवसांत एक मात्र पक्के झाले: आम्हाला दोन्ही घरे हवी होती आणि आमच्याजवळ दोन्ही अर्धवट होती.

भावोजींचे मत उरलेले जुने घर पाडून सगळाच स्लॅब टाकावा असे होते, आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ होते: वानरे, वाळवी, माणसांची टंचाई. शेवटी वहीतल्या नोंदींनी त्यांचे मन वळले, की आईंना पडवीत हसताना पाहून, ते मला सांगता येणार नाही. दुरुस्तीसाठी शेजारच्या गावचे एक वृद्ध मेस्त्री आले. त्यांनी आधी काहीच न करता घराभोवती दोन फेऱ्या मारल्या, नव्या खोलीच्या फुगलेल्या भिंतीवर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "बाईनू, ह्या चिऱ्याक सिमेट लावूचा न्हवता. भितुरचो घाम जातलो खंय?"

त्यामुळे पहिले काम भिंती मोकळ्या करण्याचे. पाऊस संपल्यावर नोव्हेंबरात सिमेंटचा गिलावा छिन्नीने खरवडून काढला. आतला चिरा डिसेंबरातही हाताला ओला लागत होता. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत ठेवला की कठीण होतो, हे मी मुलांना शिकवत आले होते. हवा न मिळालेला जांभा पुन्हा कसा मऊ पडतो ते आता डोळ्यांनी पाहिले. मेस्त्रींनी फेब्रुवारीपर्यंत भिंतींना हात लावू दिला नाही. तोवर परसात खड्डा काढून चुनकळी, म्हणजे भाजलेला चुना, विझवली. पाणी ओतताच ती फसफसून उकळली, वाफेचा लोट उठला, आणि माझ्या वर्गातली मुले खड्ड्याभोवती श्वास रोखून उभी राहिली. तो चुना तीन महिने पाण्याखाली ठेवला. मग त्यात धुतलेली वाळू, गूळ आणि हिरड्याचे पाणी घालून पातळ गिलावा केला. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना हळूहळू पुन्हा दगड होतो, पण सच्छिद्रच राहतो. भिंतीची ओल त्यातून बाहेर जाऊ शकते. सिमेंटचे काम आठवड्यात आटोपते, याला महिने लागले. घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

कौलांचे काम मार्चमध्ये लागले. मेस्त्री प्रत्येक जुने कौल बोटाच्या पेराने वाजवून ऐकत. खणखणीत वाजले तर उजवीकडे, बद्द वाजले तर डावीकडे. उजवीकडच्या काही कौलांच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याची उठावाची अक्षरे होती. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास पहिला कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ही कौले गलबतांतून आमच्या बंदरांत उतरू लागली. ज्याला आपण आज पारंपरिक कोकणी घर म्हणतो, त्याच्या डोक्यावरचे कौल त्या काळी नवी आणि कारखान्यातून आलेली वस्तू होती. आधी गवताचे आणि नळीच्या कौलांचे छप्पर असे. आजेसासऱ्यांनीही आपल्या काळातले नवे तेच घेतले होते. फक्त ते घेताना पडवी सोडली नव्हती.

तोच विचार मग आम्ही नव्या भागालाही लावला. स्लॅबच्या खोल्यांना पश्चिम आणि दक्षिण बाजूंनी सात फूट रुंदीची कौलारू पडवी जोडली. स्लॅबच्या वर तीन फूट मोकळी जागा सोडून उतरते छप्पर केले आणि दोन्ही टोके उघडी ठेवली, म्हणजे ऊन छपरावर पडते आणि मधली हवा वाहती राहते. आमच्या गावात स्लॅबचे घर बांधणारा प्रत्येक जण पाच-सहा वर्षांत गळतीला कंटाळून वर पत्र्याचे उतरते छप्पर टाकतोच. किनाऱ्याने फिरताना अशी दोन छपरांची घरे सगळीकडे दिसतात. उतार पहिल्यापासूनच ठेवला असता तर खर्च एकदाच झाला असता. केरळात काम केलेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर काँक्रीटच्या छतातच मंगलोरी कौले बसवीत, कारण स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट भार पेलण्याच्या कामी येत नाही. त्याजागी कौल घातले की सिमेंट वाचते, वजन घटते आणि उष्णताही कमी उतरते. हे मला २०१६ साली ठाऊक असते तर फार बरे झाले असते. गंजलेल्या सळया उघड्या करून, घासून, त्यांवर नवे आवरण चढवले आहे. ते किती वर्षे टिकेल याची चिंता मनात आहेच.

वादळाची आठवण ताजी असल्याने वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीतल्या तुळयांना जखडले, वळचणीकडच्या कौलांच्या दोन ओळी तारेने बांधल्या. स्लॅबच्या खोल्या वाडीसाठी आसरा म्हणून तशाच पक्क्या ठेवल्या. माजघराच्या छपरात सहा काचेची कौले बसवली आणि मधल्या भिंतीत एक खिडकी फोडली. त्या खोलीत दिवसा वाचता येऊ लागले तेव्हा मला वाटले, हे तर ऐंशी वर्षांपूर्वीही करता आले असते. चूल परत आणली नाही. सारवणही आणले नाही, कारण ते कष्ट पुन्हा घरातल्या बायकांच्याच कंबरेवर आले असते. पडवीत खरखरीत शहाबादी फरशी आणि आत घोटलेला तांबडा कोबा केला. शौचालय घरातच राहिले, त्याचा उंबरठा काढून टाकला आणि भिंतीला धरायला दांडा लावला.

सासूबाईंचा पलंग माजघरालगतच्या खोलीत, विहीर आणि कलमे दिसतील अशा खिडकीशी लावला. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी वाचला होता. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही. त्यांनी फक्त विचारले की बिचाऱ्या दुसऱ्या माणसांना भिंतीसमोर का ठेवले होते.

काम २०२३ च्या मे महिन्यात संपले. खर्च स्वस्तात पडला असे मुळीच नाही. चांगले लाकूड महाग आहे आणि चुन्याचे काम जाणणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत बहुधा तो एकच उरला आहे. त्यांच्या हाताखाली त्यांचा पुतण्या शिकतो आहे, त्याला मी प्रत्येक दुरुस्तीला मुद्दाम बोलावते. वही अजून चालू आहे. मे महिन्यात रात्री दहाच्या नोंदीत स्लॅबची खोली आता पूर्वीपेक्षा तीन अंशांनी कमी असते. कपाटामागे दोन पावसाळ्यांत बुरशी आली नाही. मुलाचा खोकला थांबला आहे, पण तो वाढत्या वयाने थांबला की कोरड्या भिंतीने, हे मी ठामपणे म्हणू शकत नाही. सासूबाईंची झोपेची गोळी डॉक्टरांनी गेल्या वर्षी बंद केली. रक्तदाबाची चालू आहे. त्या पुन्हा पडवीत बसतात. पायरीवर टेकणारी माणसे मात्र पूर्वीच्या निम्मीही नाहीत, कारण पाखाडीवरून चालणारी माणसेच कमी झाली आहेत, आणि ते कोणत्याही मेस्त्रीच्या हातचे नाही.

यंदा मृगाची पहिली सर रात्री दोनच्या सुमारास आली. सवयीने मी खिडक्या लावायला उठले. पश्चिमेची खिडकी उघडी होती, पडद्याची खालची कड कोरडी होती, आणि बाहेर पडवीच्या पलीकडे पागोळ्यांची रांग एकसारखी पडत होती. आत सासूबाई जाग्या होत्या. "लावू नको," त्या म्हणाल्या. जुन्या आणि नव्या छपराच्या सांध्यात मात्र एका जागी पाणी ठिबकते आहे. पाऊस उघडला की येऊन बघतो, असे मेस्त्रींनी सांगितले आहे; तोवर तेथे पितळेचे पातेले ठेवले आहे आणि ते सकाळ-संध्याकाळ रिकामे करावे लागते.